पोथी वाचतो, पण खरी वाटत नाही

“आईच्या समाधानासाठी सुंदरकांड वाचतोय, मॅडम. पण हनुमानाने एका उडीत शंभर योजनं समुद्र ओलांडला, हे डोक्याला पटत नाही. मग हे ढोंगच ना?”

हा प्रश्न मला समुपदेशनात वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. या वेळी विचारणारा नाशिकच्या पंचवटीतला, तिशीतला डिप्लोमावाला. अंबडच्या कारखान्यातली नोकरी गेलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) वाचूनही मुलाखतीचा फोन येईना म्हणून चिडचिड, आणि चिडचिड झाली की पाप लागेल ही धास्ती.

ते घडलं की नाही, हे ठरवणं माझं काम नाही. मी म्हटलं, “उडी राहू द्या. वाल्मीकींचा बारावा-तेरावा सर्ग अर्थासकट वाचून या.”

तिथला हनुमान कॅलेंडरवरचा नाही. रावणाच्या अंतःपुरात त्याने चार बोटं जागाही सोडलेली नाही, तरी सीता सापडत नाही. मग डोकं धावू लागतं. रिकाम्या हाताने परतलो तर राम जगणार नाही, मग लक्ष्मण, मग भरत, मग माता, मग सुग्रीव... शेवटी स्वतःच्या मरणाचेही बेत. समुद्र ओलांडणारी कल्पनाशक्ती इथे त्याच्यावरच उलटलेली आहे.

पुढच्या भेटीत तो म्हणाला, “रात्री दोन वाजता माझं हेच चालतं. हप्ता थकला, घर गेलं, आई खचली.”

इथे मी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? (असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं.) तसं काही नव्हतं. असतं तर पोथी बाजूला ठेवून आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं असतं. अशा वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबरही आहे.

हनुमानाचं पुढे काय होतं? खचून न जाणं हेच यशाचं मूळ, असं तो मनाला आधीच बजावून चुकलाय. आता त्याला दिसतं, अशोकवनिका, म्हणजे रावणाची अशोकाची बाग, शोधायची राहिलीच आहे.

“तुमची अशोकवनिका कुठली?”

तो हसला. मग कागदावर लिहिलं: सिन्नरच्या एमआयडीसीत अर्ज केला नाही, लांब पडतं म्हणून. जुन्या सुपरवायझरला फोन केला नाही, लाज वाटते म्हणून. फोन त्याने माझ्यासमोरच लावला. इतकं मनाला लावून केलेलं वाचन ढोंग कसं म्हणायचं?

नोकरी अजून लागलेली नाही, सिन्नरला एक मुलाखत झाली. आईला हे अर्थ लावणं मुळीच मान्य नाही. “नुसतं वाच, डोकं चालवू नको,” म्हणते. त्यांच्या घरातला हा वाद मिटवायला मी गेलेले नाही.