कोकणातील बेने इस्रायली (मराठी ज्यू) कुटुंबाच्या जुन्या कबरींवरून वंशावळ कशी जुळवावी?
रायगडमधील गावी असलेल्या कबरींवरून घराण्याची वंशावळ कशी उभी करावी, असे आपण विचारले आहे. प्रत्येक कबरीला क्रमांक देऊन हाताने नकाशा काढावा आणि सकाळच्या तिरप्या उन्हात, कोरीव अक्षरांत सावली साचते तेव्हा, छायाचित्रे घ्यावीत. दगडाला ॲसिड मात्र कृपया लावू नये, साधे पाणी व मऊ ब्रश पुरे. हिब्रू सनातून ३७६० वजा केल्यास इसवी सन मिळतो (तिश्री या सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या ज्यू वर्षारंभाच्या महिन्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ३७६१), पण कोरताना पाच हजारांचा आकडा अनेकदा गाळलेला असतो, तेव्हा ६८० म्हणजे ५६८०, अर्थात १९१९-२० समजावे. पेणकर, रोहेकर ही आडनावे मूळ गाव सांगतात, रक्ताचे नाते नव्हे. म्हणून पित्याच्या नावावरच भिस्त ठेवावी, आणि कबरीवरच्या मराठी लेखातला अबाजी हाच हिब्रूतला अब्राहम नाही ना, हे आधी पडताळावे.