मूकपट नव्हे, अबोलपट

घणसोलीच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीतल्या मुलांनी गच्चीवर एक चित्रपट दाखवला. कुठल्याही मोठ्या कंपनीच्या पैशाविना काढलेली विज्ञान-अद्भुत गोष्ट, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणी अक्षर बोलत नाही. फलकावर मुलांनी 'मूकपट' लिहिलं होतं. ते बरोबर का? शिवाय 'सायफाय फँटसी'ला मराठी शब्द कोणता?

'मूकपट' साफ चूक. ही चूक मी ठाण्यात इतक्या वेळा ऐकली आहे की आता ऐकवत नाही. अहो, मूकपटातली माणसं मुकी नव्हती! १९१३ सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मधली पात्रं एकमेकांशी बोलतात. आपल्याला ते ऐकू येत नाही, म्हणून मध्ये मध्ये पाट्या येतात. मुकी होती ती फिल्म. तुमच्या गच्चीवर नेमकं उलट घडलं. यानाची घरघर आहे, वारा आहे, संगीत आहे, आणि गप्प आहेत ती पात्रं. १९८७च्या 'पुष्पक' या संवाद नसलेल्या चित्रपटालाही लोक बिनदिक्कत मूकपट म्हणतात. त्यातल्या नायकाला शेजारच्या थिएटरातल्या मारामारीच्या आवाजाची इतकी सवय झालेली असते की हॉटेलच्या शांततेत झोपच येत नाही. मग तो ते आवाज टेप करून आणतो आणि लावून झोपतो. मूकपटात हा प्रसंग उभा तरी राहिला असता का?

एका समीक्षकांनी यावर 'निःशब्दपट' सुचवला आहे. त्यांनी 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा संस्कृत ग्रंथ उघडून पाहायला हवा होता. त्याचा कर्ता अन्नंभट्ट सांगतो, कानाला कळणारा गुण तो शब्द, आणि तो दोन प्रकारचा : ध्वन्यात्मक, म्हणजे नगारा वगैरेंचा, आणि वर्णात्मक, म्हणजे भाषेचा. म्हणजे निःशब्दात नगाराही गेला. यानाची घरघर तर गेलीच.

मराठीत 'अबोल' हा शब्द असताना ही धडपड कशाला? मुक्याला बोलता येत नाही. अबोल माणूस बोलत नाही. अबोला तर धरावा लागतो, तो कुणावर येऊन पडत नाही. या चित्रपटातल्या माणसांनीही न बोलणं पत्करलेलं आहे.

आणि आता अबोली. जांभळी नाक्यावर वेण्या विकणाऱ्या एका मावशींना मी विचारलं होतं, हिला अबोली का म्हणतात? त्या म्हणाल्या, "वास नाही ना तिला." मला ते तिथेच पटलं. जाई फुलली की न बघता कळतं, ती लांबून हाक मारते. अबोली हाक मारत नाही, तिच्याकडे बघावंच लागतं. माझे एक प्राध्यापक स्नेही याला लोकव्युत्पत्ती, म्हणजे लोकांनी मनाने लावलेला शब्दाचा उगम, म्हणून झटकून टाकतात. मराठीत वास सुटतो, दरवळतो, पण बोलत नाही, असा त्यांचा मुद्दा. स्नेह्यांनी अबोलीचं झाड कधी लावलेलं दिसत नाही. तिच्या वाळलेल्या शेंगा पावसाचं पाणी लागलं की तट्कन फुटतात आणि बिया लांब उडतात. माझ्या खिडकीतल्या कुंडीत पहिल्या सरीला हा आवाज होतो आणि मी हातातलं काम टाकून ऐकायला जातो. न बोलणारी, तरी आवाज असलेली! तुमच्या चित्रपटासाठी याहून नेमकी उपमा मला सापडलेली नाही, आणि प्राध्यापकांनी काहीही म्हटलं तरी मी ती सोडणार नाही.

देशी 'अबोल'ला संस्कृत 'पट' कसा जोडायचा, असं कुणीतरी विचारेलच. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. त्या 'बोलपटा'त तरी दुसरं काय आहे? 'बोल' संस्कृतातून आलेलाच नाही. बाराव्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने प्राकृताच्या व्याकरणात 'कथ्' (सांगणे) धातूच्या जागी येणारी दहा रूपं दिली, त्यांत 'बोल्ल' आहे. ते आजही मराठी माणसाच्या तोंडी टिकून आहे. बोलपटाला चालतं ते अबोलपटाला का चालू नये?

एक बारकावा मात्र सांभाळा. तबल्याच्या 'धा धिं'लाही आपण बोलच म्हणतो, त्यांना अर्थ नसला तरी. तेव्हा चित्रपटातला एखादा परग्रहवासी न कळणाऱ्या भाषेत बडबडत असेल, तर तो अबोलपट नाही. अर्थ कळो न कळो, तो बोलतो आहे.

राहिलं 'सायफाय फँटसी'. तुम्ही पत्रात स्वतःच 'विज्ञान-अद्भुत' लिहिलंय, तेच ठेवा. मुलांना म्हणावं, फलकावरचा 'मूक' खोडा आणि तिथे 'अबोल' लिहा.