नोहाने अख्खी सृष्टी वाचवली, तरी यहुदी परंपरा त्याला अब्राहाम किंवा मोशेच्या बरोबरीने का मानत नाही?

तुम्ही विचारलंय की ज्याच्यामुळे माणसं आणि प्राणी तगले, त्या नोहाबद्दल रब्बी, म्हणजे यहुदी धर्मपंडित, हातचं राखून का बोलतात. कारण देवाने आणलेल्या महापुरात बुडणाऱ्यांसाठी तो एक शब्दही बोलला नाही.

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातले 6 ते 9 हे अध्याय एकदा सलग वाचून बघा. देव सांगतो, तारू म्हणजे मोठं जहाज बांध, 300 हात लांब, 50 हात रुंद, 30 हात उंच. नोहा बांधतो. देव सांगतो, आत जा. नोहा जातो. पाऊस येतो, पाणी चढतं, ओसरतं, आणि या सगळ्यात नोहाच्या तोंडी एकही वाक्य नाही. तो पहिल्यांदा बोलतो ते थेट 9व्या अध्यायाच्या शेवटी, आणि बोलतो काय, तर नातवाला शाप देतो! सदोम नगरी नष्ट होणार हे कळल्यावर अब्राहामाने मात्र देवाशी चक्क घासाघीस केली: पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? असं करत दहापर्यंत आणलं. लोकांनी सोन्याचं वासरू पुजलं तेव्हा मोशे देवाला म्हणाला, यांना क्षमा कर, नाहीतर तुझ्या पुस्तकातून माझं नाव खोडून टाक. झोहर या यहुदी गूढवादी ग्रंथात नोहाची या दोघांशी तुलना केली आहे, आणि त्यात नोहा कमी पडतो.

तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, यावर सरळ दोन तट आहेत. उत्पत्तीचं पुस्तक नोहाला 'आपल्या पिढीत नीतिमान' म्हणतं. रब्बी योहानान म्हणतात, त्या पिढीत होता, दुसऱ्या पिढीत ठरला नसता. रेश लाकीश म्हणतात, एवढ्या वाईट पिढीत नीट राहिला, तर चांगल्या पिढीत किती मोठा झाला असता!

मी मनापासून रेश लाकीशच्या बाजूचा आहे, आणि ते तारवातल्या दिवसांमुळे. तालमूदमध्ये नोहाचा मुलगा शेम सांगतो की आत आमचे फार हाल झाले. दिवसा खाणाऱ्यांना दिवसा घालायचं, रात्री खाणाऱ्यांना रात्री. रंग बदलणारा एक सरडा होता, तो काय खातो हेच नोहाला कळेना. एकदा डाळिंब फोडताना त्यातून अळी पडली आणि सरड्याने ती मटकावली. तेव्हापासून नोहा कोंडा भिजवून ठेवायचा आणि त्यात किडे झाले की ते सरड्याला मिळायचे. अवर्शिना नावाचा पक्षी कोपऱ्यात गप्प पडून होता. तुला भूक नाही का, असं नोहाने विचारलं. तो म्हणाला, तुम्ही कामात होता, म्हटलं त्रास कशाला द्यायचा. नोहाने त्याला आशीर्वाद दिला की तुला मरण न येवो. मिद्राशमध्ये, म्हणजे रब्बींनी बायबलवर रचलेल्या कथा-भाष्यांत, तर सिंहाचं जेवण द्यायला उशीर झाला म्हणून त्याने नोहाला पंजा मारला आणि नोहा लंगडत बाहेर आला, असंही आहे.

तेव्हा नोहा निर्दय होता असं समजू नका. जे त्याच्या हवाली केलं होतं त्यासाठी त्याने झोप सोडली. रब्बींची तक्रार आहे ती जे त्याच्या हवाली केलंच नव्हतं त्यांच्याबद्दल, आणि ती मलाही रास्त वाटते.