वाचकांचे प्रश्न: विक्री प्रतिनिधी व्हायचंय

पदवीचं शेवटचं वर्ष आहे. मी फारसा बोलका नाही, अनोळखी माणसासमोर संकोच वाटतो. विक्री प्रतिनिधी होण्याचा विचार सोडून द्यावा का?

अजिबात सोडू नका. बोलघेवडा माणूसच विक्रीत चालतो, हा समज फार जुना आहे आणि त्यानं बऱ्याच चांगल्या मुलामुलींना या कामापासून दूर ठेवलंय. प्रत्यक्षात फार बोलणाऱ्याला ग्राहकाची अडचण ऐकायला सवडच मिळत नाही. विक्री शिकवता येते हेही काही आजचं नाही. अमेरिकेतल्या 'नॅशनल कॅश रजिस्टर' कंपनीत जॉन पॅटरसन यांनी १८८०च्या दशकातच प्रतिनिधीनं काय बोलायचं ते लिहून काढून पाठ करायला लावलं होतं. १८९०च्या दशकात त्यांनी विक्रीच्या प्रशिक्षणाची शाळाच सुरू केली.

संकोच मुख्यतः दोन जागी नडतो. एक, पहिलं वाक्य बोलताना आणि दुसरं, ऑर्डर मागताना. ही दोन वाक्यं आधी लिहा आणि मोठ्यानं म्हणून तोंडात बसवा. पहिल्या वाक्यात नाव, कंपनी, येण्याचं कारण आणि किती वेळ हवाय, एवढंच असू द्या: 'दहा मिनिटं हवी होती, आत्ता जमेल की दुपारी येऊ?' ऑर्डर मागताना आकडा सांगा, 'दोन खोकी लिहू का?' आणि मग थांबा. समोरचा विचार करत असतो, ती शांतता नवख्याला सहन होत नाही आणि तो स्वतःहून सवलत देऊन बसतो.

खरी पारख वेगळीच आहे. दिवसात दहा जणांनी 'नको' म्हटल्यावर अकराव्याकडे तुम्ही त्याच चेहऱ्यानं जाऊ शकता का? आणि रात्री झोपण्याआधी दिवसभराच्या नोंदी करण्याचा कंटाळा येतो का? या दोन उत्तरांवर निर्णय घ्या.

ऑफर लेटरमध्ये 'फिक्स्ड अधिक इन्सेंटिव्ह' असं लिहिलंय. एकूण आकडा मोठा दिसतो. काय तपासावं?

मोठा आकडा बाजूला ठेवा आणि त्याचे भाग पाडा. समजा, एकूण पगाराचे १०० भाग आहेत. त्यातले ७० दरमहा नक्की मिळणारे आणि ३० टार्गेटवर अवलंबून. नियम असा, की ८० टक्क्यांखाली इन्सेंटिव्ह शून्य आणि त्यापुढे जितके टक्के काम, तितके टक्के इन्सेंटिव्ह. आता ७९ टक्के काम झालं तर हातात ७० भाग. ८१ टक्के झालं तर ७० अधिक २४.३, म्हणजे ९४.३. कामात दोन टक्क्यांचा फरक, पगारात २४ भागांचा. म्हणून घरखर्च, भाडं, हप्ते यांचं गणित ७० भागांवरच बसवा.

पुढचे मुद्दे लेखी विचारून घ्या. इन्सेंटिव्ह ऑर्डरवर मिळतो, बिलावर की पैसे वसूल झाल्यावर? माल परत आला तर दिलेला इन्सेंटिव्ह कापून घेतात का? टार्गेट दर महिन्याचं की तिमाहीचं, आणि ते मधेच वाढवता येतं का? प्रवासखर्च कोणत्या दरानं आणि किती दिवसांत मिळतो? हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक लाजतात. पण दोन महिन्यांचा प्रवासखर्च अडकला की नवखा प्रतिनिधी स्वतःच्या पैशानं कंपनी चालवत असतो.

आणि एक प्रश्न जरूर विचारा: 'याच एरियात आधी कोण होतं आणि ती जागा का रिकामी झाली?' बढती मिळाली असेल तर उत्तम. वर्षभरात तीन माणसं बदलली असतील, तर दोष बहुधा माणसांचा नाही, एरियाचा किंवा टार्गेटचा आहे.

नोकरी लागण्याआधी प्रशिक्षणासाठी किंवा नमुन्यांसाठी पैसे मागितले, तर तिथून उठा. तिथे तुम्ही प्रतिनिधी नाही, ग्राहक आहात.

सहा महिने झाले. सकाळी निघतो ते रात्री परततो, तरी टार्गेट ७० टक्क्यांच्या वर जात नाही. कुठे चुकतंय?

कष्ट कमी पडत नाहीत, ते चुकीच्या दुकानांवर खर्च होत असावेत. आधी दुकानांचे तीन गट करा, मागच्या तीन महिन्यांच्या खरेदीवरून, ओळखीवरून नव्हे. समजा तुमच्याकडे २०० दुकानं आहेत. मोठी खरेदी करणारी ४० दुकानं 'अ', मधली ६० 'ब', उरलेली १०० 'क'. 'अ'ला दर आठवड्याला, 'ब'ला पंधरवड्याला, 'क'ला महिन्यातून एकदा भेट. चार आठवड्यांत १६० अधिक १२० अधिक १००, अशा ३८० भेटी होतात. कामाचे दिवस २४ धरले तर दिवसाला सोळा. हे जमण्यासारखं आहे. सगळ्या २०० दुकानांना दर आठवड्याला जायचं म्हटलं तर दिवसाला तेहेतीसच्या वर भेटी होतात आणि प्रत्येक ठिकाणी फक्त हजेरी लागते.

शिवाय बीट, म्हणजे रोजच्या भेटींचा ठरलेला मार्ग, असं लावा की एका दिवसाची दुकानं एकाच पट्ट्यात येतील. अमुक दुकानदारानं बोलावलं म्हणून सकाळी एका टोकाला, दुपारी दुसऱ्या टोकाला, यात दिवसाच्या चार-पाच भेटी सहज बुडतात. तातडीचं नसेल तर फोनवर निभावून घ्या.

आता दुकानाच्या आतलं पाहू, कारण जास्त नुकसान तिथेच होतं. 'काही हवंय का?' असं विचारलं की 'आज नको' हे उत्तर तयारच असतं. बोलण्याआधी फळीकडे बघा. आपला माल किती नग उरलाय ते मोजा. जुन्या तारखेचा माल मागे ढकललेला असेल तर तो पुढे घ्या. मग हिशेब करा. आठवड्याला १२ नग खपतात, तुम्ही दोन आठवड्यांनी परत येणार, म्हणजे २४ लागणार. खप वाढला किंवा तुम्हाला उशीर झाला तर हाताशी असावेत म्हणून सहा जादा, म्हणजे ३०. फळीवर आठ आहेत, तर गरज २२ ची. खोकं २४ चं असेल तर एक खोकं सुचवा आणि हा हिशेब दुकानदाराला दाखवा. स्वतःच्या खपाचा आकडा समोर दिसला की बोलणं 'हवं-नको'वरून 'किती'वर येतं.

बाहेर पडल्यावर, पुढच्या दुकानात शिरण्याआधी, चार गोष्टी लिहा: उरलेला माल, घेतलेली ऑर्डर, येणं बाकी आणि पुढच्या वेळी करायचं म्हणून दिलेलं वचन. संध्याकाळी आठवून लिहू म्हटलं की वचनच नेमकं विसरतं, आणि दुकानदाराच्या ते पक्कं लक्षात असतं.

ग्राहक सारखं म्हणतात, 'तुमचा भाव जास्त आहे.' सवलत दिल्याशिवाय ऑर्डर निघतच नाही.

'कशाच्या तुलनेत?' हे आधी शांतपणे विचारा. पुष्कळदा दुसऱ्या कंपनीचा भाव पोहोच, हमी किंवा उधारीची मुदत न धरता सांगितलेला असतो. कधी ग्राहकाला भावाचं काहीच नसतं, जुना माल पडून असतो आणि ते सांगायचं नसतं.

सवलतीचं गणित पाठ असू द्या. १०० ला विकली जाणारी वस्तू कंपनीला ८० ला पडते, नफा २०. दहा टक्के सवलत दिली की नफा १० वर येतो. तेवढाच नफा राखायचा तर दुप्पट माल विकावा लागेल. म्हणून फुकट सवलत देऊ नका. बदल्यात काहीतरी मागा: मोठी ऑर्डर, रोख पैसे किंवा वर्षभराचा करार.

महिनाअखेरीला साहेब म्हणतात, 'कसंही करून माल टाका, नंतर बघू.' टाकावा का?

या 'नंतर बघू'चे परिणाम साहेबांआधी तुमच्या वाट्याला येतात. दुकानात सहा आठवडे पुरेल एवढा माल गेला, की पुढच्या महिन्याची ऑर्डर गेलीच. माल खपला नाही म्हणून पैसे अडकतात, थकबाकी मर्यादेपुढे गेली की कंपनीच बिल काढणं थांबवते, मुदत संपलेला माल परत येतो आणि मिळालेला इन्सेंटिव्ह कापला जातो. सगळ्यात वाईट म्हणजे, 'हा माणूस आपल्या गळ्यात माल मारतो' अशी दुकानदाराची खात्री होते.

साहेबांना नुसतं 'नाही' म्हणू नका, यादी घेऊन जा. कोणत्या दुकानांत फळी रिकामी आहे, कुठे नवा माल अजून ठेवलेलाच नाही, कुठे थोडं वाढवता येईल. वाढीची खरी जागा तिथे असते. ही यादी महिन्याच्या वीस तारखेलाच तयार ठेवा, तीस तारखेला ती बनवायला वेळ नसतो. परत घेण्याचं तोंडी वचन देऊन माल मात्र कधीच टाकू नका. ते वचन कंपनीच्या कुठल्याच कागदावर नसतं आणि पाळायची वेळ आली की दुकानदार तुमच्याकडेच बोट दाखवतो.

मुलाखतीत पेन पुढे करून 'हे विकून दाखवा' म्हणाले तर?

पेनाचं कौतुक सुरू करू नका. विचारा: दिवसभरात काय लिहिता, सह्या जास्त की मजकूर, सध्याच्या पेनात काय खटकतं? एक अडचण हाती लागली की तेवढ्यालाच उत्तर देणारा पेनाचा एक गुण सांगा आणि विचारा, 'एक देऊ की दोन?'