घरात लहान मुलं, आणि पहिला शिकारी कुत्रा

अमेरिकेत फेझंट या रानपक्ष्याच्या शिकारीसाठी पहिलाच कुत्रा घेताय आणि घरात लहान मुलं आहेत, तर जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटरचा मोह आवरा. रोज तास-दीड तास मोकळं पळायला मिळालं नाही, की तो सोफ्याचा फडशा पाडतो. लॅब्रॅडॉर घ्या, घर छोटं असेल तर 14 ते 18 किलोचा ब्रिटनी. पण ब्रिटनी हळवा, आवाज चढवलात की मिटून बसतो.

जातीपेक्षा आईबाप बघा. दोघांचे खुबे निरोगी असल्याचा ओएफए या अमेरिकी संस्थेचा दाखला मागा. कायमचा दाखला कुत्रा दोन वर्षांचा होण्याआधी मिळत नाही. लॅब असेल तर ईआयसीची (श्रमाने कोसळण्याच्या आनुवंशिक दोषाची) जनुक चाचणीही हवी. तो दोष आईबाप दोघांकडून आला, तर कुत्रा जोरात पळताना मागच्या पायांतून कोसळतो.

बंदुकीची घाई तर अजिबात नको. आधी पक्ष्याची गोडी लागू द्या. मग पिल्लू पक्ष्यामागे धावत असतानाच शंभरेक पावलांवरून ब्लँकचा (गोळी नसलेल्या काडतुसाचा) हलका बार काढा. दचकलं नाही तरच पुढच्या वेळी थोडं जवळून. आणि 4 जुलैच्या, म्हणजे अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांत ‘सवय होईल’ म्हणून त्याला बाहेर नेऊ नका. तिथे बसलेली भीती काढणं महाकठीण.