सिनसिनाटीत भाड्याने घर कुठे घ्यावं: डाउनटाउनला की मेसनला?

ऑफिस अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहराच्या डाउनटाउनला, म्हणजे मध्यवर्ती भागात, मुलं अजून नाहीत, मग पुण्याहून येऊन तिथेच भाड्याने घर घ्यावं का, असं तुम्ही विचारलंत. तुमचे इथले नातेवाईक म्हणताहेत, "तो भाग वाईट, मेसन उपनगरात या." मी तरी सांगेन, पहिलं वर्ष डाउनटाउनजवळच काढा.

नातेवाईकांच्या मनात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं चित्र आहे. डाउनटाउनला लागूनच 'ओव्हर द राइन' ही जर्मन लोकांनी वसवलेली विटांच्या घरांची जुनी वस्ती. 1900 च्या सुमारास तिथे चाळीस हजारांवर माणसं होती, 2000 पर्यंत आठ हजारही उरली नाहीत. 2001 मध्ये पोलिसाने एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला गोळी घातली आणि दंगल उसळली. मग 2003 मध्ये महापालिका आणि बड्या कंपन्यांनी मिळून 'थ्रीसीडीसी' ही ना-नफा संस्था काढली. तिने ओस पडलेल्या इमारती एकामागून एक विकत घेऊन दुरुस्त केल्या. खाली दुकानं, वर घरं. 2012 मध्ये वॉशिंग्टन पार्क नव्याने खुलं झालं. 2016 मध्ये ट्राम आली, 2020 पासून तिला तिकीटही नाही. किराण्याला क्रोगर सुपरमार्केट आहे, भाजीला 1855 पासूनचं फिंडली मार्केट.

पण हे सगळं फुकट झालेलं नाही. भाडी चढली आणि गरीब, बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबांना बाहेर पडावं लागलं. शेजारच्या वेस्ट एंडमधून तर 1950-60 च्या दशकांत पुनर्विकास आणि हायवेपायी सुमारे 25 हजार लोक हलवले गेले. शेजाऱ्यांना नव्या इमारतींबद्दल राग असेल तर त्यामागे हे आहे. त्यांच्याशी बोला, त्यांच्या दुकानांतून घ्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

घर बघताना दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा त्या गल्लीत फिरा. लिबर्टी स्ट्रीटच्या दक्षिणेला काम बरंच पूर्ण झालंय, उत्तरेला अजून रिकाम्या इमारती दिसतील. पार्किंगचं भाडं बहुधा वेगळं असतं, ते आधी विचारा. अमेरिकेतली क्रेडिट हिस्टरी, म्हणजे कर्जफेडीची नोंद, नसल्यामुळे घरमालक जास्त डिपॉझिट मागू शकतात. पगाराचा पुरावा म्हणून ऑफर लेटर जवळ ठेवा. शहराचा 1.8 टक्के कर तिथे काम केल्याबद्दल पगारातून कापला जातो, त्यामुळे फक्त तो वाचवायला मेसनला जाऊ नका. भारतीय वाणसामान मात्र मुख्यतः उपनगरांत मिळतं, तेव्हा एक गाडी लागेलच. आणि करार बारा महिन्यांचाच करा.