सक्तीचे हॉस्टेल सोडायचे आहे, वर्षभराचे पैसे बुडतील का?

प्रश्न : आम्ही यवतमाळ जिल्ह्यात राहतो. मुलीला कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेरीतून नागपूरला हिंगणा रोडवरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला. ओबीसी प्रवर्गातून ट्यूशन फी माफ झाली. प्रवेशाच्या दिवशी काउंटरवर सांगितले, की पहिल्या वर्षाच्या मुलींना कॅम्पसमधल्या हॉस्टेलातच राहावे लागेल. दहा महिन्यांचे ९६,००० रुपये (राहण्याचे ५४,०००, मेसचे ४२,०००) आणि ५,००० डिपॉझिट भरले. ‘मध्येच सोडल्यास पैसे मागणार नाही’ असे हमीपत्रही लिहून घेतले. माहितीपुस्तिकेत तिघींची खोली दाखवली होती. मिळाला तो सहा जणींचा हॉल. दोन महिने होत आले. तिला आता प्रतापनगरला मावशीकडे ठेवायचे आहे. कॉलेज म्हणते एक रुपयाही मिळणार नाही. तिच्या मूळ मार्कशीट आणि जातीचा दाखलाही त्यांच्याकडेच आहे. काय करावे?

उत्तर : भाऊ, सगळ्यात आधी एक करा : मुलीचे सामान आज उचलू नका. खोली रागाने सोडली, की ‘विद्यार्थिनी स्वतःहून निघून गेली’ एवढेच कॉलेजच्या रजिस्टरला राहते आणि सहा जणींच्या हॉलचा मुद्दा मागे पडतो. तिथे राहत असतानाच तक्रार लेखी गेली पाहिजे. दोन-चार दिवसांचे काम आहे.

या प्रकरणात माहितीपुस्तिका तुमच्या बाजूने सगळ्यात जास्त बोलणार आहे. विद्यार्थी तक्रार निवारणाचे यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२३ चे विनियम सांगतात, की प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी माहितीपुस्तिका प्रसिद्ध झाली पाहिजे आणि तिच्यात फीचा प्रत्येक घटक, डिपॉझिट, हॉस्टेलची सोय व तिचे शुल्क हे सगळे असले पाहिजे. त्यामुळे पुस्तिका पानोपान वाचून दोन गोष्टी शोधा. हॉस्टेल सक्तीचे असल्याचे कुठे छापले आहे का? आणि तिघींच्या खोलीचा शब्द नेमका कसा आहे? सक्ती आधीच छापलेली असेल, तर त्या मुद्द्यावर कॉलेजची बाजू बरीच मजबूत होते. मग खोलीच्या मुद्द्यावर जोर द्या. छापलेली नसेल, तर जाहीर केल्यापेक्षा जास्त पैसे मागणे हीच या विनियमांखाली तक्रार ठरते. पुस्तिकेत दाखवलेली सोय न देणे हीसुद्धा स्वतंत्र तक्रार आहे. पुस्तिका वेबसाइटवर असेल तर आजच डाउनलोड करून ठेवा. वाद सुरू झाला की पाने बदलतात.

हमीपत्राची धास्ती घेऊ नका. सही करताना मुलगी १८ वर्षांची नसेल, तर तिच्यापुरता तो करारच होत नाही. भारतीय करार कायद्याचे कलम ११ त्यासाठी पुरेसे आहे. तुमची सही मात्र राहते. तुमच्यासाठी कलम ७४ कामाचे आहे : करार मोडल्यास समोरच्याला मिळते ती वाजवी भरपाई, मनाला येईल ती रक्कम नाही. जप्तीची रक्कम आणि झालेले नुकसान यांचा मेळ बसला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून हॉस्टेलला प्रतीक्षा यादी आहे का, याची चौकशी करा. तिची खाट दुसऱ्या मुलीला दिली गेली, तर कॉलेजचे नुकसान झाले कुठे? आणि तिघींची खोली सांगून सहा जणींत ठेवले, म्हणजे करार आधी कॉलेजनेच मोडला, हे अर्जात ठळक लिहा.

एक गल्लत पुष्कळ पालक करतात. यूजीसीच्या २०१८ च्या परतावा धोरणातले १००, ९०, ८० आणि ५० टक्क्यांचे कोष्टक प्रवेशच रद्द करणाऱ्यांसाठी आहे. तुमची मुलगी कॉलेज सोडत नाही, फक्त हॉस्टेल सोडते. ते टक्के अर्जात टाकलेत तर कॉलेजला उत्तर द्यायला सोपी जागा मिळेल. मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायची नाहीत, हा त्याच धोरणातला दुसरा भाग मात्र तुम्हाला थेट लागू पडतो. कागदपत्रे पडताळून परत करायची असतात. त्यांची मागणी वेगळ्या अर्जाने करा, पैशांच्या भांडणात ती गुंतवू नका.

आता हिशेब. मोघम ‘पैसे परत द्या’ म्हटले की मोघमच उत्तर येते. मेसचे महिन्याला ४,२०० पडतात; दोन महिन्यांचे ८,४०० वजा करून ३३,६०० उरतात. हे पैसे परत मिळवणे तुलनेने सोपे, कारण न शिजलेल्या जेवणाचा खर्च दाखवता येत नाही. राहण्याचे महिन्याला ५,४००; दोन महिन्यांचे १०,८०० वजा जाता ४३,२०० उरतात. इथे कॉलेज ताणून धरेल आणि तडजोड झाली तर ती याच रकमेवर होईल. डिपॉझिटचे ५,००० पूर्ण मागा. एकूण मागणी ८१,८०० रुपये. पावतीवर जीएसटी लावला आहे का तेही बघा. शिक्षणसंस्थेने स्वतःच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या सेवेला करमाफी आहे. तरीही कर लावला असेल तर खुलासा मागा.

पुरावा जपून गोळा करा. हॉलमधल्या सहा खाटा एका फ्रेममध्ये येतील असा फोटो घ्या, पण खोलीत इतर मुली नसताना. त्यांचा चेहरा किंवा सामान दिसता कामा नये; नाहीतर उलट तुमच्याच मुलीविरुद्ध तक्रार होईल. खोली वाटपाची चिठ्ठी, वॉर्डनचे व्हॉट्सॲप मेसेज, फीची पावती हे सगळे मूळ स्वरूपात राहू द्या. फोन बदलू नका. फोटो आणि मेसेज पुढे पुराव्यात द्यायचे झाले, तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र सोबत लागते.

तक्रार मुलीच्या नावाने, तिच्याच कॉलेजच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीच्या अध्यक्षांकडे करा. कॉलेजच्या तक्रार पोर्टलवर टाका आणि एक प्रत आवक कक्षात देऊन दुसरीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. तक्रार हाती आल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत समितीने अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे (विद्यार्थ्यांची अशी अपिले ऐकणारे अधिकारी) अपील करा. कॉलेज राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न असेल, तर लोकपालही त्याच विद्यापीठाचे. त्यांनी ३० दिवसांत निकाली काढणे अपेक्षित आहे. ही १५ दिवसांची मुदत चुकवू नका. चांगली प्रकरणे इथेच ढिली पडतात.

तक्रारीवर शिक्का पडला, की खोली सोडायला हरकत नाही. सोडताना खाट, गादी, कपाट, किल्ली यांची यादी करून ‘ताबा मिळाला’ अशी वॉर्डनची तारखेसह सही घ्या. वॉर्डन सही देत नसतील, तर त्याच दिवशी, त्याच मजकुराचा ईमेल प्राचार्यांना करा. मेसचा हिशेब या तारखेपासून थांबतो.

ग्राहक आयोग मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. शिक्षण ही ग्राहक कायद्याखालची सेवा नाही, हा आक्षेप कॉलेज पहिल्याच तारखेला घेईल. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये मनू सोळंकी प्रकरणात शिक्षणासोबतच्या पुष्कळ उपक्रमांनाही कायद्याबाहेर ठेवले; त्याविरुद्ध अपील सर्वोच्च न्यायालयात गेले. वेगळी पावती फाडून दिलेली खोली आणि जेवण म्हणजे शिकवणे नव्हे, हा युक्तिवाद माझ्या मते भक्कम आहे, पण त्यात वेळ जाईल. जायचेच ठरले तर कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ मुळे तक्रार तुम्हाला यवतमाळातच दाखल करता येते. दर तारखेला नागपूर गाठण्याची गरज नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा कॅम्पसमध्ये ठेवायचा विचार झाला, तर पैसे भरण्याआधी खोली क्रमांक किंवा निदान खोलीचा प्रकार पावतीवर लिहून घ्या. राहणे आणि मेस यांच्या पावत्या वेगळ्या मागा. मेस महिन्याने बंद करता येते का, सुट्टीत जेवणाचे पैसे वजा होतात का, हे नियमावलीत वाचा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि परीक्षा त्याच सुमारास. कूलर लावू देतात का, स्वतःचा आणला तर विजेचे वेगळे किती घेतात आणि त्यासाठी मजल्यावर पाणी येते का, हे तिथे राहणाऱ्या सीनियर मुलींना विचारा. वॉर्डन पूर्णवेळ आहे का आणि रात्री इमारतीत असते का, हेही विचारा. यूजीसीच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार प्रत्येक हॉस्टेलला पूर्णवेळ वॉर्डन लागतोच. मेसच्या भिंतीवर अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक दिसला पाहिजे.

फीमाफीच्या ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयात ट्यूशन आणि परीक्षा शुल्क येते, हॉस्टेल येत नाही. त्यासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभागाच्या मुलींच्या शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करा. तिथे प्रवेश न मिळणाऱ्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. दोन्हींचे अर्ज ठरावीक मुदतीतच घेतात, तेव्हा या विभागाच्या नागपूरच्या कार्यालयात जाऊन तारीख आणि कागदांची यादी याच आठवड्यात विचारून या.